पेजेचा निरोप समारंभ

हाँगकाँगच्या शाम शुई पो भागात मोककाकांचं पेज-नूडल्सचं दुकान आहे, याची दखल गेली कित्येक वर्षं फक्त जागामालकाने घेतली होती. सकाळी चार म्हातारे यायचे, तिथल्या रिवाजाप्रमाणे गरम चहाने वाट्या विसळायचे, मुरवून काळ्या केलेल्या अंड्याची पेज भुरकायचे आणि जायचे. बाकी स्टुलं रिकामीच. भाडं वाढलं तेव्हा काकांनी दारावर कागद चिकटवला : ‘महिनाअखेर दुकान कायमचं बंद. आपल्या प्रेमाबद्दल आभार.’

दुसऱ्याच दिवशी प्रेम आलं. रांग मासळीबाजाराला वळसा घालून पुढच्या चौकात पोचली. लोक स्टुलांचे फोटो काढत, मग त्यांवर बसून रडत, आणि रडून झाल्याशिवाय उठत नसत.

“ए सुंदरी, सरक की! एका टेबलाला सहा जण बसतात इथे,” मोककाकू खेकसल्या.

“काकू, मी या पेजेवर लहानाची मोठी झाले हो!” त्या बाईने हुंदका दिला.

“कधी? मी तर तुला आजच बघतेय.”

“रोज बसमधून वास यायचा ना!”

पंधरवड्यात भाड्याची सोय झाली. मोककाका पडले भाबडे. इतकी गिऱ्हाइकं असताना बंद कशाला करायचं, असं त्यांना वाटलं. त्यांनी कागद काढून टाकला आणि त्या आनंदात प्रत्येकाच्या पेजेवर जास्तीचं आलं घातलं.

रांग खवळली. “आम्ही रजा काढून रडलो, त्याचं काय?” तक्रार थेट ग्राहकभावना संरक्षण कार्यालयात गेली. तिथल्या अधिकारी पुनबाई अत्यंत निःपक्षपाती होत्या. त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून डोळे पुसले होते.

“आपण ‘अखेरची पेज’ या नावाने माल विकलात,” त्या सुनावणीत अख्ख्या रांगेसमोर म्हणाल्या. “तपासाअंती ती नेहमीची पेज निघाली. कार्यालयाच्या मते ही भेसळ आहे.”

“बाई, चव तर तीच आहे!”

“चवीबद्दल एकही तक्रार नाही. ती कुणाच्या लक्षातच नाही.”

काकांनी जमलेल्या रांगेकडे हात केला. “मला पेज ढवळण्याशिवाय दुसरं काही येत नाही हो. ही सगळी मंडळी महिन्यातून एकदा जरी आली ना, तरी आमचं दोघांचं भागेल.”

बसमधून वास घेणाऱ्या त्या बाईच म्हणाल्या, “काका, असं भावनेला हात घालू नका बुवा. नेहमी नेहमी इतक्या लांब कोण येणार?”

निकाल लागला : जाहीर केलेल्या तारखेस दुकान सन्मानपूर्वक बंद करण्यात यावे. करण्यात आलं. फुलं आली, भाषणं झाली, आपली खाद्यसंस्कृती जपली पाहिजे यावर एकमत झालं, आणि आठवण म्हणून लोकांनी स्टुलंही उचलून नेली. आता तिथे नाणं टाकून लोखंडी आकड्याने बाहुल्या उचलायची यंत्रं आहेत. काका एका मॉलच्या मागच्या बाजूला ताटल्या धुतात. मला त्या रांगेचा मनापासून संताप येतो.

तुम्हालाही वाईट वाटलं ना? वाटणारच, तुम्ही हळवे आहात. तुमच्याही गल्लीत एखादी खानावळ असेल आणि मालक दाराकडे डोळे लावून बसला असेल. आज तिकडे मुळीच जाऊ नका. त्याने अजून कागद कुठे लावलाय?