जावयाची नडगी

जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर मांसाचं भलंमोठं ताट आलं आणि नवा जावई दार्खान आपला वाटा बघतच राहिला. त्याच्यापुढे मेंढ्याच्या पुढच्या पायाचं हाड ठेवलं होतं. अहो, पुढच्या पायाचं! सारिबुलाक गावातलं शेंबडं पोरही सांगेल, जावयाला मागच्या पायाची नडगीच वाढायची. ती नाही वाढली म्हणजे सासरच्यांनी जावई मानलाच नाही. लग्नानंतरचा पहिला पाहुणचार, आणि ही तऱ्हा!

मेंढ्याला नडग्या दोनच. एक थोरला जावई मक्सूत चवीने चोखत होता. दुसरी गायब.

"सासऱ्यांना तू पसंत नाहीस बहुतेक," मक्सूत कुजबुजला. "मला पहिल्या दिवशी दोन्ही वाढल्या होत्या."

"आजही दोन्ही तुम्हीच हाणल्यात की काय?" सासूबाई राबिगा कडाडल्या. "काल रात्री मी स्वतः दोन्ही बाजूला काढून ठेवल्या होत्या!"

"घ्या माझी झडती!"

"घेईन! मला काय भीती आहे?"

आणि सासरे तोलेगेन? सगळ्या गावाला घोड्यावर बसायला शिकवणारा हा माणूस आज डावा पाय दस्तरखानाकडे सरळ ताणून बसला होता. अन्नाकडे पाय? तोही जावयाच्या तोंडासमोर? दार्खानचा संशय पक्का झाला. म्हातारा मुद्दाम करतोय, दुसरं काय!

तेवढ्यात घरचा कुत्रा आत घुसला. ताटाकडे ढुंकूनही न बघता तो थेट सासऱ्यांचा डावा पाय हुंगायला लागला.

"हाड्! हाकला रे याला!" सासरे ओरडले. कुत्र्याने विजारच दातात धरली. दार्खान सोडवायला धावला, तर हाताला काहीतरी टणक लागलं. तो हाडांचाच डॉक्टर. त्याने विजार वर सारली.

नडगी तिथे होती. कच्ची. सासूबाईंच्या रुमालाने सासऱ्यांच्या नडगीला घट्ट बांधलेली.

"पहाटे घोड्यावरून पडलो," सासरे पुटपुटले. "आधाराला सरळ असं हेच सापडलं. बोंबलू नका, गावात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

दार्खानने रुमाल सोडला, मेंढ्याची नडगी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा सासऱ्यांच्या नडगीच्या पुढच्या कडेवरून हलकेच फिरवला. सासरे कळवळले.

"इथे मांस नसतंच बाबा, कातडीखाली लगेच हाड. बघा, खाच लागतेय. मोडलंय. नशीब, कातडी फाटली नाही, नाहीतर या कच्च्या हाडाची घाण आत शिरून पाय गेला असता! रक्तही इथे बेताचंच पोचतं, भरायला महिने लागतील. घोडा बंद."

"अगं बाई!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि जावयाला नडगी मिळालीच नाही! लोक काय म्हणतील?"

"मिळाली नाही कशी?" सासरे कळ सोसत गुरगुरले. "एका हातात मेंढ्याची, दुसऱ्या हातात माझी. एवढा मान कुठल्या जावयाला मिळालाय आजवर?"

मक्सूतला हातातलं हाड एकाएकी अळणी लागायला लागलं.