शेवटची सोळा पानं

पैज लागली ती सावलीवरून. इमारतीच्या आवारात पत्र्याखाली गाडी लावायची जागा एकच, आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची. बाकीच्यांच्या गाड्या उन्हात भाजायच्या. त्यात तळमजल्यावरच्या फ्यूजभाऊंची व्हॅन तर दुपारी इतकी तापायची, की स्टिअरिंग धरायला ते शॉक लागू नये म्हणून घेतलेले रबरी हातमोजे घालायचे.

फ्यूजभाऊ इलेक्ट्रिशियन. नाव लोकांनी ठेवलेलं, पण त्यांना आवडायचं. हातात पक्कड आणि डोक्यात खोडी, असा माणूस. एकदा त्यांनी जिन्यातल्या बेलच्या वायरी अशा फिरवून ठेवल्या, की पहिल्या मजल्याची बेल दाबली की दुसऱ्या मजल्यावर वाजायची. दोन्ही घरं त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांशी बोलली, असं ते वर ऐकवायचे.

त्या रविवारी डॉक्टरीणबाई एका प्रदर्शनातून पिशवीभर पुस्तकं घेऊन आल्या आणि आवारात दिसेल त्याला थांबवून दाखवू लागल्या. सगळी छोट्या प्रकाशकांची. घरातल्या घरात पुस्तकं काढणारी माणसं, त्यांची नावं मोठ्या दुकानात कुणाला ठाऊक नसतात, खरा शोध इथेच लागतो, वगैरे. फ्यूजभाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, की असलं एक जाडसर पुस्तक त्यांच्याकडेही आहे, वॉशिंग मशीनच्या पायाखाली. तेव्हापासून मशीन नाचायचं थांबलंय.

"भाऊ, आयुष्यात एखादं पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय का हो तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"द्या एक. पुढच्या रविवारी संपवून आणतो. लावता काय बोला."

बघता बघता भोवती दहा माणसं जमली आणि ठरलं. भाऊ जिंकले तर पत्र्याखालची जागा त्यांची. बाई जिंकल्या तर भाऊंनी आपल्याच शिडीवर चढून सगळ्यांना पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचं. परीक्षा बाईच घेणार आणि एकच प्रश्न विचारणार: शेवट काय होतो?

हे ऐकून भाऊंना मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. एवढंच विचारणार असतील, तर मधली पानं कशाला दमवायची? निळ्या कव्हरची कादंबरी होती. एक घड्याळजी एके दिवशी दुकान उघडं टाकून नाहीसा होतो, एवढं मागच्या बाजूला लिहिलेलं. भाऊंनी घरी आल्याबरोबर चपलाही न काढता शेवटचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, की धूर बेताचाच करावा, माश्या शांत झाल्या की पोळ्यातला मध काढावा, पेटी हळूच बंद करावी आणि मागं न बघता निघून यावं.

अच्छा, भाऊंच्या लक्षात आलं, घड्याळजी मधमाश्या पाळायला लागला तर. या वयात माणूस काहीही करतो. त्यांनी पुस्तक फ्रिजवर टाकलं आणि सबंध आठवडा तिकडे फिरकले नाहीत.

फिरकली ती बायको. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची, आणि एक शिकाऊ जाऊन दुसरा येईपर्यंत गाडीत बसून राहायची. फ्रिजवरचं पुस्तक गाडीत गेलं. शनिवारी ती घरी आली ती तोंड पाडूनच.

"अहो, त्याचा शेवट वाचलात?"

"वाचला की."

"आणि काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं ना. फार खोल आहे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. एखादा शिकाऊ ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबतो, तेव्हा ती जशी बघायची तशी. मग फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार लावून घेतलं. भाऊंना वाटलं, माहेरी बोलत असेल.

रविवारी आवार भरलं. भाऊ शिडीही घेऊन आले होते, मुद्दाम, बाईंना खिजवायला. बाईंनी चष्मा पुसला आणि प्रश्न विचारला. भाऊंनी घसा खाकरला. घड्याळजी जगाला कंटाळतो, म्हणाले, आणि मधमाश्या पाळतो. धूर करतो, मध काढतो, पेटी बंद करतो आणि मागं न बघता निघून जातो. इतकं बोलून ते थांबले, आणि गर्दी बघून राहवेना म्हणून वर जोडलं, की माशी म्हणजे काळ.

बाईंचा चेहरा पडला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "अगदी हाच शेवट आहे."

टाळ्या पडल्या. बाईंनी मुकाट्यानं गाडी उन्हात काढली, आणि भाऊंनी व्हॅन हॉर्न वाजवत पत्र्याखाली घातली. ते उतरतात न उतरतात तोच फाटकातून एक किडकिडीत माणूस स्कूटर ढकलत आत आला आणि धापा टाकत विचारू लागला, की तक्रार इथूनच आलीय ना?

तक्रार म्हटल्यावर भाऊ पटकन शिडीमागे गेले. गेल्या महिन्यातली दोन-तीन कामं त्यांना एकदम आठवली. पण तो माणूस हसत होता.

"मी प्रकाशक. प्रकाशक मीच, हमालही मीच. काल एका बाईंचा फोन आला, घड्याळजीच्या कादंबरीला शेवटच नाही म्हणून."

मग त्यानं घोळ सांगितला. सोळा सोळा पानांचे गठ्ठे शिवून पुस्तक होतं, एकेका गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. बांधणीवाल्यानं मधमाशीपालनाच्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा कादंबरीला लावला आणि कादंबरीचा मधमाश्यांना. सगळ्या प्रती तशाच विकल्या गेल्या. दीड वर्षात एकानंही तक्रार केली नाही.

"उलट मधमाश्यांचं पुस्तक लोक पुन्हा पुन्हा मागतात," तो म्हणाला. "कादंबरीबद्दल मात्र सगळे म्हणायचे, शेवट छान आहे. मला वाटायचं, चला, वाचतायत लोक. काल फोन आला तेव्हा कळलं, शेवटपर्यंत पोचलेलं हे पहिलंच माणूस. रात्रभर झोप नाही आली हो आनंदानं. कुठे आहेत त्या?"

भाऊंची बायको पुढे आली. त्यानं वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून खरा फर्मा काढून तिच्या हातावर ठेवला.

आता आवारात सगळे एकदा भाऊंकडे बघायचे आणि एकदा डॉक्टरीणबाईंकडे. बाई चष्मा पुन्हा पुसायला लागल्या. चष्मा स्वच्छच होता.

"म्हणजे बाई, तुम्हीपण शेवटचंच पान?" भाऊंनी शिडीमागून विचारलं.

"पेशंट इतके असतात हो," बाई पुटपुटल्या.

निवाडा कुणी करायचा हे विचारायची गरजच पडली नाही. भाऊंच्या बायकोनं हात पुढे केला. भाऊंनी व्हॅनची किल्ली काढून दिली, तशी तिनं व्हॅन उन्हात नेऊन उभी केली आणि आपली शिकवणीची गाडी पत्र्याखाली आणली. मग खिडकीची काच खाली करून सीट मागं टाकली आणि म्हणाली, हरलात दोघंही. ह्यांनी शिडीवर चढायचं, बाईंनी शिडी धरायची. पुस्तक सबंध नको, तिला हवीत तेवढी सोळा पानं पुरेत, कारण घड्याळजी मनोऱ्याच्या जिन्यात अडकला होता आणि कालपासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

भाऊ चढले. पहिलं पान त्यांनी, वीज जाणार असल्याची घोषणा करावी, तशा आवाजात वाचलं. पोरं हसली. दुसऱ्या पानाला आवाज आपोआप खाली आला. तिसऱ्या पानाला प्रकाशक मांडी घालून खालीच बसला आणि डोळे मिटून ऐकू लागला.

"जिन्याच्या तळाशी कंदील घेऊन कुणीतरी आधीच बसलं होतं," भाऊ वाचत होते. "घड्याळजीनं त्याला ओळखलं. तो..."

आणि ते थांबले. पान उलटलं. ओठ हलत होते, डोळे ओळींवरून पळत होते, आवाज मात्र नाही. खालून बाईंनी शिडी हलवून बघितली. काही उपयोग नाही.

"अहो," गाडीतून बायको म्हणाली, "मोठ्यानं वाचायचं ठरलंय."

भाऊंनी मान वर न करता एक बोट उचललं.

"थांब गं जरा. आधी मला कळू दे."