विचारणारे आबा

आमच्या गावात ग्रामसभेला येताना शांताराम आबा स्वतःची खुर्ची डोक्यावर घेऊन येतात. पंचायतीत खुर्च्या आहेत. पण आबांचं म्हणणं, "त्यांच्या खुर्चीत बसायचं नि त्यांनाच विचारायचं, बरं दिसत नाय."

विचारायचं ते एकच. "पैसे कुठनं आले, कुठं गेले?" मुंबईच्या गोदीतली नोकरी संपवून आबा मंडणगडाकडच्या आमच्या वाडीत परतले, तेव्हापासून हा प्रश्न गावाच्या मागे लागला. शिमग्याच्या वर्गणीला त्यांनी तो विचारला, पाणीयोजनेला विचारला. माझ्या धाकट्या दिराच्या लग्नात बँडवाल्याला बाजूला घेऊन विचारला. तो घाबरून दोन गाणी जास्तीची वाजवून गेला. लोक आबांना टाळायचे. त्यांच्या घरी तर कोणी फिरकतच नसे. मूलबाळ नाही, आणि त्यांची बायको, आमच्या काकू, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या.

दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले. माझी ऋतुजा तेव्हा दुसरीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच आबा अंगणात हजर.

"सुमन, शाळेचा पैसा आता कोणाच्या सहीनं सुटतो?"

"माझ्या आणि गुरुजींच्या."

"मगे सरपंचाला कशाला विचारतेस?"

मी अजून विचारलं नव्हतं. पण विचारणार होते, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

दुरुस्तीचा निधी आला. सरपंचांना शाळेपुढे कमान हवी होती. शाळेचं छप्पर गळत होतं, पण गळती रस्त्यावरून दिसत नाही. ग्रामसभेत आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "पावसात पोरांना कमानीखाली बसवणार काय?"

हशा झाला. सरपंच चिडले. "आबा, तुमचं एक तरी पोर आहे का शाळेत?"

आबा म्हणाले, "नाय. म्हणून तर मला वेळ आहे."

कमान झाली नाही, छप्पर झालं. कौलं, वासे, सुताराची मजुरी, सगळा खर्च आबांनी शाळेच्या भिंतीवर रंगानं लिहून काढला, एसटीतून जाणाऱ्यालाही वाचता येईल एवढ्या अक्षरांत. शाळा त्यांच्या घराला लागूनच. रंग वाळेपर्यंत गुरं घासू नयेत म्हणून ते भिंतीपाशी राखण बसले.

पण पोरं कुठून आणायची? एकेक घर मुंबईला चाललं होतं. पट घसरला आणि आमची शाळा शेजारच्या गावच्या शाळेला जोडायची, असा आदेश आला. ग्रामसभेनं एकमतानं विरोध केला, अगदी सरपंचांनीसुद्धा. तालुक्याचे साहेब माणूस चांगले होते. म्हणाले, "छपराचं तुम्ही ठरवायचं होतं, तुम्ही ठरवलंत. हे तुमच्या हातात नाही."

"मग कोणाच्या?" आबांनी विचारलं.

साहेबांनी वर बोट केलं.

आबा एसटीनं रत्नागिरीला जिल्हा परिषदेतही जाऊन आले. तिथे काय झालं ते मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

जूनमध्ये पोरं जीपनं शेजारच्या गावी जाऊ लागली. नव्या छपराच्या शाळेला कुलूप लागलं.

एका रविवारी आबा आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले.

"ऋतुजाला पाठवशील? घटकाभर. पाढे म्हणायला."

"तिला येतात हो पाढे, आबा."

"तिला येतात गो. तुझ्या काकूसाठी म्हणतोय." ते पायरीवर टेकले. "पडल्या पडल्या तिला काय दिसत नाय. शाळेतनं पोरांचा आवाज आला की कळायचं, सकाळ झाली. त्यांच्याबरोबर ती पण पुटपुटायची. आता रोज विचारते, शाळा का भरत नाय. मी सांगतो, सुट्टी आहे."

मी ऋतुजाला घेऊन गेले. आबांनी तिला आतल्या खोलीच्या खिडकीखाली, अंगणात बसवलं. तिनं बेचा पाढा सुरू केला. आबा हातानं खुणावत होते, अजून मोठ्यानं. तिचा एकटीचा आवाज अंगणात फारच लहान वाटत होता.

तीनचा पाढा चालू असताना आतून काकूंनी विचारलं, "शाळा भरली?"

"भरली," आबा म्हणाले.