रॅम्पवरच्या मिरच्या

सुदर्शन देवकाते निवृत्त झाला आणि ॲक्रिलिकमध्ये दिसेल त्या वस्तूचं चित्र रंगवत सुटला. कुकर, चपला, मीटरची पेटी, बायकोचा, द्वारकाचा, चष्मा. दोन वर्षांत चित्रांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. कर्वेनगरच्या त्या सोसायटीत शेजाऱ्याने काय शिजवलं हे सगळ्यांना कळायचं, काय रंगवलं याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

घरात जागा नाही, म्हणून तो पार्किंगच्या कोपऱ्यात ईझल लावायचा. सेक्रेटरी जयसिंगराव तेवढं चालवून घ्यायचे. यंदा त्याने पार्किंगच रंगवलं. आयुष्यात प्रथमच चित्र प्रदर्शनाच्या निवडीसाठी जाणार होतं. उद्याच.

जयसिंगरावांनी चित्रात नाक खुपसलं. "ही विक्रमची दुसरी बाईक ना? पाहुण्यांच्या जागेत?"

"समोर होती, काढली."

"प्रदर्शनातून परत आलं की सभेत ठेवतो हे. फोटो दाखवला की लोक म्हणतात एआयने केलाय. हाताने काढलेलं कोण नाकारतो ते बघू!"

बातमी लिफ्टच्या आधी वर पोचली. विक्रम हाफ पँटवर खाली आला. "काका, प्लीज, ती बाईक हटवा ना."

"तुझी आहे. तूच हटव."

"अहो, चित्रातली! ॲक्रिलिक ना? दहा मिनिटांत ड्राय होतं. मी व्हिडिओ पाहिलाय."

इथेच सुदर्शन फसला. तैलरंग आठवडाभर वाळत नाहीत, असं सांगून सुटता आलं असतं. ॲक्रिलिकला तीही सबब नाही.

"नाहीतर मीही सभेत विचारीन," विक्रम म्हणाला, "पार्किंगमध्ये ईझल कुठल्या रूलमध्ये बसतं?"

सुदर्शनने बाईकवर करडा रंग फासला.

तो वाळायच्या आत तळमजल्याच्या कौशल्यावहिनी हजर. "भावजी, व्हीलचेअरच्या रॅम्पवर माझ्या मिरच्या! गावभर दाखवणार?"

"वहिनी, तो लाल जमवायला चार दिवस गेलेत."

"मग झाकायला किती लागतील?"

मिरच्या गेल्या. शेवटी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, जयसिंगराव पुन्हा आले. "ते डावीकडे... पाइप दिसतोय."

"पाणीकपातीत तुमची गाडी धुणारा. हो."

"नाही, म्हणजे सभेत ठेवायचं म्हटल्यावर..."

"हाताने काढलेलं कोण नाकारतो, म्हणालात."

"देवकाते, आपण उद्यापासून ईझल कुठे लावणार आहात?"

पाइपही गेला. राहिला एक खांब आणि करडी फरशी.

"यात उरलं काय?" द्वारकाने विचारलं.

"सोसायटी!" तो खेकसला, आणि रागारागात चित्र तसंच देऊन आला.

चित्र निवडलं गेलं. झाकलेल्या जाड रंगाचे उंचवटे करड्या थरातून वर आले होते. दिव्याचा तिरका प्रकाश पडला की बाईक, मिरच्या, पाइप, सगळं स्पष्ट दिसायचं. परीक्षकांना म्हणे तेच आवडलं. सुदर्शनने पार्किंगच्या कोपऱ्याची आशा सोडली. आता ईझल गेलं.

उद्घाटनाला अख्खी सोसायटी आली. विक्रमने बाईकसोबत सेल्फी काढला. कौशल्यावहिनी भेटेल त्याला सांगत होत्या, "या आमच्या मिरच्या. घरच्या."

जयसिंगरावांनी लोणी काळभोरहून मेहुण्याला बोलावलं होतं. "हा आमचा पाइप. हात फिरवून बघा."

"हात लावू नका," पहारेकरी ओरडला.

"अहो, आमचाच आहे!"

"पानीकपातीत गाडी धुता व्हय, दाजी?" मेहुण्याने विचारलं.

"छे! चित्रापुरती."

सोमवारी सुदर्शन ईझल घेऊन खाली उतरला, तर त्याच्या कोपऱ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. विक्रमच्या दोन्ही बाईक, मिरच्यांच्या तीन चादरी, पापड, पाइपची वेटोळी, आणि मधोमध जयसिंगरावांची नुकतीच धुतलेली गाडी.

"लांबून तुमच्या नजरेतून काही सुटायला नको," जयसिंगराव म्हणाले, "म्हणून जवळ आणून ठेवलं."

"आणि मी कुठे बसू?"

"ते आपण सभेत ठरवू."

सुदर्शन ईझल उचलून वर गेला आणि पुन्हा कुकर रंगवायला बसला.

"तीन शिट्ट्या होऊ देत," द्वारका म्हणाली, "मग घ्या."