नेरिओने गाळलेला रस्सा

चौतीस वर्षांच्या संसारात नेरिओला स्वयंपाकघरात एकच काम मिळालं होतं, ते म्हणजे पास्ता गाळणं. बायकोने "झाला रे!" अशी हाक मारली की त्याने उठायचं, सिंकमध्ये चाळणी ठेवायची, वाफेपासून तोंड फिरवायचं, उकळतं पातेलं एका दमात उपडं करायचं आणि चाळणी तीनदा झटकायची. हे तो अशा काही रुबाबात करायचा की गहूसुद्धा त्यानेच पेरला असावा असं वाटे. बाकी चुलीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. ती द्यायचा अधिकार सासूबाईंकडे होता, आणि आर्जियाबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या झाल्या तरी त्यांनी तो सोडला नव्हता.

मी त्यांच्याच इमारतीत राहतो. ते तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सगळे मला मास्तर म्हणतात, कारण जिन्यात कोणी सापडलं की त्याला खऱ्या स्वयंपाकावर दहा मिनिटं ऐकवल्याशिवाय मी सोडत नाही. आम्हा बोलोन्या शहरातल्या पुरुषांचं हे असंच. दुपारचं जेवताना आम्ही रात्रीच्या जेवणावर बोलतो, रश्श्यात गाजर किती घालावं यावरून जुनी मैत्री तोडतो, आणि स्वतःला अंडं उकडायची वेळ आली की बहिणीला फोन लावतो.

डिसेंबरातल्या एका रविवारी मात्र आर्जियाबाईंनी पातेलं नेरिओच्या हाती दिलं. नात मिरेल्लाचे होणारे सासूसासरे शेजारच्या मोदेना शहरातून पहिल्यांदाच जेवायला येणार होते. मोदेनाचे लोक म्हणतात तोर्तेलिनी, म्हणजे सारण भरलेला चिमुकला पास्ता, त्यांची, आम्ही म्हणतो आमची, आणि हे भांडण आमच्या पणजोबांच्याही आधीचं. म्हणून आर्जियाबाईंनी दोन दिवस बसून, सांध्यांनी वाकड्या झालेल्या बोटांनी, साडेतीनशे तोर्तेलिनी वळल्या होत्या. एकेक नखाएवढी. पण त्या पडायच्या कोंबडीच्या रश्श्यात, आणि ते भलंमोठं पातेलं उचलायला डॉक्टरने बाईंना सक्त मनाई केली होती. बायको लोरेदाना पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जाणार. राहिला कोण?

"जावईबापू," बाई चर्चला निघताना म्हणाल्या, "सगळं पातेल्यात घातलंय. तुम्ही फक्त आच बघा. खदखदू द्यायचं नाही. साडेअकराला गाळायचा. जमेल?"

"आई, जमेल म्हणजे काय! विचारता काय असं?"

"चौतीस वर्षं बघतेय, म्हणून विचारते."

नेरिओने मला नंतर सांगितलं की दार लागलं आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चौतीस वर्षांनी का होईना, घरातला माणूस झाल्यासारखं त्याला वाटलं. दोन तास तो त्या पातेल्यासमोर खुर्ची टाकून बसला. एकदाही उकळी फुटू दिली नाही. फेस आला की काढला. जिन्यात असा वास सुटला की मी दार उघडून उगाच दोनदा खाली डोकावून आलो.

साडेअकरा वाजले. नेरिओ उठला. त्याने सिंकमध्ये चाळणी ठेवली, वाफेपासून तोंड फिरवलं, पातेलं एका दमात उपडं केलं आणि चाळणी तीनदा झटकली.

मग चष्मा पुसला. चाळणीत कोंबडी होती, हाडं होती, गाजर होतं, सेलरीची दांडी होती. सगळं कसं छान निथळलेलं. आणि सिंकच्या भोकाभोवती सोनेरी चरबीचं एक कडं गरगरत होतं, तेही गुडगुड करून निघून गेलं.

"अरे देवा," नेरिओ म्हणाला. मग त्याने कोंबडीकडे बघितलं. कोंबडी काही बोलली नाही.

पावणेबाराला तो माझ्या दारात उभा होता. अंगात अ‍ॅप्रन, हातात रिकामं पातेलं, तोंडचं पाणी पळालेलं.

"मास्तर, मी रस्सा गाळला."

"शाबास! मग?"

"पास्त्यासारखा गाळला हो."

मला कळायला एक क्षण लागला, आणि कळल्यावर मी जो हसलो! भिंतीला टेकून हसलो, डोळे पुसून पुन्हा हसलो. "अरे गाढवा," मी म्हटलं, "चाळणीखाली दुसरं पातेलं ठेवायचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल!"

"हसा, हसा. साठी उलटली माझी, आयुष्यात एक काम धड येत होतं, त्यानेच घात केला. पण आधी सांगा, तुमच्याकडे रस्सा आहे का? एक वाजता पाहुणे टेबलावर बसणार. दुकानं बंद. आणि आईंनी, मास्तर, आईंनी दोन दिवस बोटं दुखवून घेतलीत. मोदेनावाल्यांसमोर त्यांची मान खाली गेली तर मी घरी जायचा नाही."

"माझ्याकडे रस्सा नाही, असं कधी झालंय?" मी म्हटलं. त्याला बाहेरच थांबवून मी आत गेलो आणि दहा मिनिटांनी छोटं पातेलंभर रस्सा आणून दिला. जाता जाता मंद आचेचं महत्त्वही सांगितलं.

पण तेवढ्याने सात माणसांचं काय होणार? नेरिओ दुसऱ्या मजल्यावर झोबेइदेबाईंकडे गेला. त्यांनी बेल वाजायच्या आतच दार उघडलं.

"माझ्या सिंकमधून रश्श्याचा वास आला," त्या म्हणाल्या, "तेव्हाच म्हटलं, वर आज कोणाचं तरी वाटोळं झालं. तू होय!"

"मीच. दोन लिटर मिळेल?"

"दीड मिळेल. पण आधी म्हण, आर्जियापेक्षा माझा रस्सा चांगला."

"तुमचा चांगला."

"कोणापेक्षा ते नीट म्हण. आणि मोठ्याने म्हण, मला कमी ऐकू येतं."

बिचाऱ्याने जिन्यात उभं राहून ते मोठ्याने म्हटलं. मला चौथ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू आलं. मग तो पहिल्या मजल्यावर लेआर्कोकडे गेला. लेआर्को जुना बस ड्रायव्हर, रश्श्यात चीजची वाळकी साल टाकतो आणि त्याचा त्याला फार अभिमान. त्याने एक लिटर दिला, पण साल कुठून आणायची, किती खरवडायची, कधी टाकायची हे सगळं ऐकवूनच दिला. नेरिओ एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत "हो, हो" करत राहिला. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

दोन्ही हातांत झाकलेलं पातेलं धरून तो वर चढत होता, आणि शेजारून लिफ्ट वर निघाली. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. जाळीपलीकडे आर्जियाबाई उभ्या. लिफ्ट चढते गोगलगायीसारखी, त्यामुळे दोघं समोरासमोर बोलत बोलतच वर चाललेली.

"काय हो, हे काय?"

"रस्सा, आई. लेआर्कोला जरा चव दाखवायला नेला होता."

"पातेलंभर?"

"तो जरा... खवय्या आहे ना."

"आणि परत आणलात?"

"त्याला नको होता."

लिफ्ट अर्धा मजला पुढे गेली. मग वरून आवाज आला, "बरं."

एक वाजता सगळे बसले. मोदेनाचे सासरे, सिन्योर ओलिंतो, कडक कॉलरचा उंच माणूस. बशी समोर आल्यावर त्यांनी एक तोर्तेलिनी चमच्यावर घेऊन उजेडात धरली आणि उलटसुलट करून बघितली. मग त्यांनी ती तोंडात टाकली आणि वरून रश्श्याचा घोट घेतला.

त्याच क्षणी आर्जियाबाईंनीही घोट घेतला. त्यांचा चमचा हवेत थांबला. त्यांनी सावकाश मान वळवून नेरिओकडे बघितलं. नेरिओचे कान लालबुंद झाले. आता सगळं संपलं, असं समजून त्याने हातरुमालाने कपाळ पुसलं.

"हा रस्सा," ओलिंतो म्हणाले, "हा कोणी केला?"

आर्जियाबाईंनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला.

"आमच्या जावयाने," त्या म्हणाल्या.

"मोदेनात असा मिळत नाही," ओलिंतो म्हणाले आणि बशी पुढे केली. "थोडा अजून."

नेरिओचा जीव भांड्यात पडला. ओलिंतोंनी तीनदा वाढून घेतलं. उकडलेली कोंबडी हिरव्या चटणीबरोबर आली, तीही संपली. कॉफी झाली, लग्नाची तारीख निघाली, मिरेल्लाने बापाच्या गळ्यात हात टाकले. पाहुण्यांना सोडायला लोरेदाना आणि पोरं खाली गेली. मग आर्जियाबाईंनी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.

"बस," त्या म्हणाल्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला अरेतुरे केलं होतं. नेरिओ बसला.

"लवंग होती. म्हणजे झोबेइदे."

"आई, मी..."

"चीजची साल होती. लेआर्को. आणि एक तिसरा होता. नुसता खारट. चांदीच्या कागदातली रश्श्याची तयार वडी गरम पाण्यात ढवळून केलेला. तो चौथ्या मजल्यावरचा मास्तर."

होय. आता लपवण्यात अर्थ नाही. दहा मिनिटं मी आत काय करत होतो, असं तुमच्यापैकी कोणाच्या मनात आलं असेल तर आलं ते बरोबर. वीस वर्षं मी जिन्यात खऱ्या रश्श्यावर बोलतोय आणि वीस वर्षं माझ्या कपाटात त्या वड्यांचा डबा आहे. उकळत्या पाण्यात एक टाकायची. मी दोन टाकतो.

नेरिओने खाली मान घालून सगळं कबूल केलं. चाळणी, सिंक, गुडगुड, सगळं. "मी वेंधळा आहे, आई. तुमच्या दोन दिवसांच्या कष्टांवर पाणी पडलं असतं. पण एक सांगा, एका घोटात तुम्ही तिन्ही घरं कशी ओळखलीत?"

आर्जियाबाई बराच वेळ एकच बशी पुसत राहिल्या.

"अडुसष्टचा नाताळ," त्या शेवटी म्हणाल्या. "सासरे, दीर, चौदा माणसं. मी चाळणी ठेवली आणि पातेलं उपडं केलं. तीनदा झटकलीसुद्धा."

"तुम्ही?"

"हाताला सवय, दुसरं काय. मग रस्सा मागत मजले चढले. त्र्याऐंशीला परत. आणि तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. तू तीन वाट्या प्यालास आणि म्हणालास, असा रस्सा जन्मात प्यालो नाही. अर्धा झोबेइदेच्या आईचा होता." त्यांनी बशी फडताळात ठेवली. "आणि मास्तर नवीन राहायला आला त्या वर्षी त्याच्याही दारात गेले होते. मला म्हणाला, सकाळपासून चुलीशी उभा आहे."

"मग इतकी वर्षं तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलायचं कसं? मी का गेले होते, तेही सांगावं लागलं असतं." मग त्या हसायला लागल्या. नेरिओ म्हणतो, त्यांचं असं हसणं त्याने कधी बघितलं नव्हतं. पदर असता तर तोंडात कोंबला असता, तो नव्हता म्हणून बशी पुसायचं फडकं कोंबलं.

हे सगळं नेरिओने त्याच संध्याकाळी मला सांगितलं, आणि या वेळी भिंतीला टेकून तो हसला.

पुढच्या रविवारी सकाळी आठला माझी बेल वाजली. दारात आर्जियाबाई, हातातल्या पिशवीतून कोंबडीची तंगडी डोकावत होती.

"मास्तर, व्याख्यानं पुष्कळ झाली. पातेलं काढा."

काढलं. काय करतो! चार तास त्यांनी मला चुलीसमोरून हलू दिलं नाही. फेस काढला, आच जपली, आणि खरं सांगतो, वास असा सुटला की त्या वड्यांचा डबा मी मनातल्या मनात कचऱ्यात टाकला. बाराला बाई म्हणाल्या, "मी तोर्तेलिनी घेऊन येते. तोवर गाळून ठेवा. आणि नेरिओसारखं करू नका!"

"मी? अहो, मी शिकलेला माणूस आहे," मी म्हटलं.

त्या गेल्या. मी सिंकमध्ये चाळणी ठेवली, वाफेपासून तोंड फिरवलं आणि मनात नेरिओला हसत हसतच पातेलं उपडं केलं.

गुडगुड झाली. मी चाळणी तीनदा झटकली होती आणि तशीच हातात धरून उभा होतो. मग दोन मजले खालून, खिडकीतून झोबेइदेबाईंची हाक आली.

"आज कोणाचा रे?"