सात थरांची टिप आणि पणास लागलेला हैबती मार्कर

श्री. गजमुखाने विघ्ने वारावी, शारदेने बोरूचे टोक सांभाळावे, आणि ऐकणाराने हकीकत पुरी होईतो जागचे उठू नये, इतकी विनंती करोन लिहितो. शके अठराशे एकवीस, विकारीनाम संवत्सर, पौष आणि माघ या दो मासी एका राज्यात जे जाहाले ते डोळां पाहिले तैसे येथे उतरिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण आम्हांस अद्याप तेथेच राहणे आहे. तर त्या राज्याचे महाराज मोठे उदार, प्रजेवर माया करणारे, घोड्यावर बसले असतां शोभिवंत, परंतु त्यांस स्नूकर नामे खेळाचा नाद लागला. या खेळास पलंगाहून मोठे टेबल, त्यावर बनात म्हणजे हिरवे लोकरी कापड, कडेस सहा जाळ्या, आणि चेंडू बावीस. पांढरा चेंडू काठीने मारावा आणि त्याने बाकीचे जाळीत घालावे, इतकाच खेळ. पण माणूस त्यात पार बुडोन जातो. काठीस क्यू म्हणतात, आणि क्यूच्या टोकास चामड्याची टिकलीएवढी चकती सरसाने चिकटवितात, तीस टिप म्हणतात. चेंडूस शिवते ती टिपच. बाकीची काठी महाराजांच्या हातास आधार म्हणोन आहे, ऐसे हैबती म्हणत असे.

हैबती म्हणजे खेळाच्या दालनाचा मार्कर. गुण मोजणे, बनात झाडणे, क्यूस टिप बसविणे ही त्याची कामे, आणि बारा वर्षे त्याने ती निमूट केली. आता डोंगरापलीकडील राजे यांशी महाराजांचा दरसाल माघ शुद्ध पंचमीस सामना होई, आणि सामन्यास पण असे. पहिल्या साली महाराज हत्तीण हरले, दुसऱ्या साली वाजंत्र्यांचा ताफा हरले, तिसऱ्या साली आचारी हरले, आणि तेव्हापासोन वाड्यावर जेवावयास बसणे म्हणजे शिक्षाच जाहाली. पणात गेले ते परत मागू नये ऐसा उभयतांचा करार. मग चवथ्या साली एका लग्नाच्या पंगतीत राजे हासोन बोलिले, "यंदा लावावयास आपल्यापाशी उरले तरी काय?" महाराजांस ते फार झोंबले, आणि हातातला घास तसाच ठेवोन बोलिले, "आमचा हैबती आहे! तैसा मार्कर तुमच्या सात पिढ्यांत जाहाला नाही." राजे म्हणाले, "मग लावा त्यासच." महाराज म्हणाले, "लावला!" आणि पंगतीने टाळ्या वाजविल्या. हैबतीस कोणी पुसिले नाही. हत्तिणीसही पुसिले नव्हते.

हैबतीने घरी येऊन बायकोस सांगितले. ती सगुणाबाई, तोंडाची फटकळ, मनाची खरी. ती म्हणाली, "महाराजांनी पण लावला तर महाराजांनी जावं की! आपण काय हत्तीण आहोत? आणि मी सांगून ठेवते, मी डोंगर ओलांडायची नाही. माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिला कुणाच्या भरवशावर टाकू?" हैबती म्हणाला, "अगं, मग मी एकटा जाऊ का?" ती चुलीतली लाकडे उगाच मागेपुढे करीत राहिली. मग हैबतीस रडू आले, आणि ते त्याने लपविले नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस, मिशा पांढऱ्या होत आलेल्या, पाटावर बसोन रडला. हे आम्हांस त्यानेच पुढे सांगितले.

त्यात आणिक दैव कैसे पाहा. सामन्यास आठ दिवस राहिले असतां महाराजांनी सरावात ऐसा फटका मारिला की पांढरा चेंडू टेबलावरोन उडोन खिडकीतून बागेत गेला, आणि टिप निघोन खाली पडली. दालनात बसलेले आम्ही सर्व "वाहवा" म्हणालो. आम्ही दरबारचे लेखनिक, आम्हीही म्हणालो, खोटे कशास लिहावे. मग नवी टिप पाहिजे, तेव्हां हैबतीने आपल्या पेटीतून तीन काढल्या. एकेक फरशीवर टाकोन तिचा आवाज ऐकिला, नखाने दाबोन पाहिली, आणि म्हणाला, "ही मऊ. चेंडूला नीट धरते, फिरकी चांगली बसते, पण लवकर चपटी होते. ही कडक. वर्ष वर्ष टिकते, पण खडू धरत नाही, मग काठी घसरते. आणि ही मध्यम." इतके बोलोन तो पुढे काही सांगणार, तोच दिवाण त्रिंबकपंत उठोन उभे राहिले, आणि जे व्हावयाचे ते जाहाले.

कारण या राज्याची रीत ऐसी की महाराजांच्या अंगास जे लागेल त्यात दिवाणांपासोन वैद्यांपर्यंत दरबारच्या सातही मानकऱ्यांचा हात असावा. पगडी बांधावयाची तर एकेकाने एकेक पेच द्यावा, पालखी उचलावयाची तर एकेकाने दांडीस हात लावावा, आणि महाराजांस शिंक आली तर सातांनी क्रमाने "शतायुषी" म्हणावे, दुसरी शिंक मध्येच आली तर पुन्हा पहिल्यापासोन. मग टिप एकट्या मार्कराने निवडावी हे कैसे चालेल? दिवाण म्हणाले, "मऊच असावी. राज्यकारभार मऊपणानेच होतो." सरलष्कर सुभानराव म्हणाले, "कडक! शत्रूपुढे मऊ टोक घेऊन जावे काय? लोक काय म्हणतील?" राजवैद्य धुंडिराजशास्त्री म्हणाले, "मध्यम, परंतु तीन दिवस एरंडेलात भिजवोन." पाच दिवस हाच वाद चालला. शेवटी सुभानराव तलवारीस हात घालू लागले, तेव्हां दिवाणांनी तोड काढिली, ती ऐसी की टिप सात थरांची करावी, एकेका मानकऱ्याने एकेक थर द्यावा, म्हणजे मऊ, कडक आणि मध्यम सर्व आले आणि कोणाचा मान गेला नाही. सर्वांनी माना डोलविल्या. हैबती म्हणाला, "सरकार, थर चालतील, पण चामडे एका जातीचे, एका जाडीचे पाहिजे." त्यास दिवाण म्हणाले, "तुला पणास लावले आहे ना? मग पणाने बोलू नये."

मग दिवाणांनी आपल्या जरीच्या जोड्यातील मऊ चामडे दिले, सुभानरावांनी ढालीचे कातडे दिले, ते विळ्यानेही कापेना, वैद्यांनी औषधाच्या बटव्याचा तुकडा दिला, त्यास ओव्याचा वास, आणि कोणी खोगिराचा, कोणी मृदंगाचा, कोणी पखालीचा, ऐसे सात जाहाले. कोणाचा थर वर आणि कोणाचा खाली यावर दोन दिवस गेले. टिप तयार जाहाली ती जांभळाएवढी उंच, क्यूच्या टोकावर टोपी घातल्यासारखी, आणि चहूंकडून बाहेर आलेली. तीस हळदकुंकू वाहिले, सातांनी क्रमाने खडू लाविला, आणि सामन्याच्या आदले दिवशी सकाळी महाराजांनी पहिला फटका मारिला. दिवाणांचे आणि सुभानरावांचे मुळात पटत नव्हते, त्यांचे थर लागोपाठ होते, ते तेथेच सुटले. वरचे चार थर भिरभिरत गेले आणि वैद्यांच्या कपाळास लागले, आणि पांढरा चेंडू जागचा हालला नाही. त्यावरही दोघेतिघे "वाहवा" म्हणालेच.

महाराज क्यू टेकोन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "उद्या सामना, आणि काठी बोडकी. आता कोण सांगतो?" तेव्हां हैबती पुढे जाहाला. सासूबाईंचे अंथरूण डोळ्यांपुढे होते, आणि जाणे तर ठरलेलेच, मग भ्यावयाचे कशास, ऐसा विचार त्याने केला असावा. तो म्हणाला, "महाराज, टिप मी सांगतो. पण टिप चामड्याकडे बघून नाही निवडत, मारणाऱ्याकडे बघून निवडतात. आपण कसे मारता हे या सात दिवसांत कुणी विचारलंच नाही." महाराज म्हणाले, "आम्ही कैसे मारतो?" सातही मानकरी फरशीकडे पाहू लागले. हैबती म्हणाला, "महाराज साप मारावा तसे मारतात. म्हणून मऊ टिप दोन डावांत चपटी होते. कडक लावली तर खडू राहत नाही, आणि आपण खडू लावायचं विसरता. म्हणून मध्यमच पाहिजे, टोकाएवढीच, तिळभर बाहेर नको, आणि वरून रुपयाच्या कडेसारखी गोल घासलेली. आणि दुसरी गोष्ट, मारताना महाराज डोळे मिटतात."

महाराजांनी दिवाणांस पुसिले, "खरे काय?" दिवाण म्हणाले, "त्या समयी आम्ही खडूकडे पाहत असतो." सुभानरावांस पुसिले, तर ते म्हणाले, "मी दाराकडे तोंड करोन असतो, शत्रू येईल म्हणोन." वैद्य कपाळ चोळीत म्हणाले, "डोळे मिटणे दृष्टीस हितकर आहे." मग आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही मान खाली घालोन बोरू तासू लागलो. महाराजांस सर्व उमगले, आणि राग ऐसा आला की कान लाल जाहाले. म्हणाले, "हैबती, बारा वर्षे आम्ही डोळे मिटोन मारितो, आणि तू आज सांगतोस? बसव तुझी टिप. हरलो तर तू डोंगरापलीकडे जाशील. जिंकलो तर भर दरबारात आमचा अपमान केलास, त्याची शिक्षा देऊ." म्हणजे गरिबाचे इकडे आड आणि तिकडे विहीर जाहाले. तरी त्याने बसोन टिप बसविली, दाबोन ठेविली, कानशीने कडा काढिल्या, आणि रुपया लावोन पाहोन पाहोन गोलाई आणिली. संध्याकाळी घरी गेला तर सगुणाबाईने इतकेच पुसिले, "नीट बसवली ना?" तो म्हणाला, "अशी कधी बसवली नव्हती."

पंचमीस राजे आले, सोबत पणात जिंकलेली हत्तीण मुद्दाम आणिली, आणि सामना मांडला. तीन डावांपैकी दोन जिंकावे ऐसा ठराव. पहिला डाव महाराज हरले, कारण सवयीने डोळे मिटले. दुसऱ्या डावाआधी हैबती खडू द्यावयास जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "सरकार, टिप तिचं काम करील. आपण फक्त बघा." मग महाराजांनी डोळे ताणोन उघडे ठेविले आणि फटका मारिला, आणि पांढरा चेंडू जाताना पाहिला, आणि मोठ्याने बोलिले, "अरे, हा असा जातो होय!" राजे चकित जाहाले. दुसरा डाव महाराजांचा जाहाला. तिसऱ्या डावात सर्व चेंडू जाऊन शेवटी काळा एकटा राहिला, जो घालील तो जिंकेल, आणि पाळी महाराजांची. काळा दूरच्या जाळीजवळ, पांढरा अलीकडच्या कडेस चिकटलेला. ऐशा जागी महाराज पूर्वी टेबल फोडीत. त्या दिवशी त्यांनी खडू आपण होऊन लाविला, वाकले, थांबले, आणि हळू मारिले. टिप घसरली नाही. चेंडू गेला, काळ्यास लागला, काळा जाळीच्या कडेवर क्षणभर घुटमळला, आणि आत पडला. कोणी वाहवा म्हणाले नाही, कारण खरी वाहवा कैसी म्हणावी हे कोणास ठाऊकच नव्हते. हैबती मात्र भिंतीस पाठ लावोन खाली बसला, आणि गुण मोजावयाचे ते विसरला. तेथोनच माणूस पाठवोन सगुणाबाईस निरोप धाडिला, "मी इथंच आहे."

राजे तोंड वाकडे करोन परत गेले, आणि मग शिक्षेची पाळी आली. दिवाण म्हणाले जीभ छाटावी, सुभानराव म्हणाले चाबूक, वैद्य म्हणाले दोन्ही, पण मध्यम प्रमाणात. महाराजांनी क्यूचे टोक बोटाने चाचपिले आणि बोलिले, "अपमान जाहाला खरा, परंतु टिप बरोबर निघाली. शिक्षा माफ. आणि आजपासोन हुकूम लिहा, की या राज्यात टिपेविषयी कोणीही आम्हांस खरे बोलावे, त्यास अभय आहे. बाकी विषयांत पूर्वीप्रमाणेच चालावे." हुकूम आम्हीच लिहिला, सात मानकऱ्यांनी सात शिक्के मारिले, आणि दवंडी पिटली. तिसऱ्या दिवशी दालनाच्या दारी एक म्हातारी आली. तिच्या हातात बाभळीची काठी, तिच्या टोकास चपलेचा तुकडा सुतळीने बांधलेला. पहारेकऱ्याने अडविली, तर म्हणाली, "मला महाराजांशी टिपेबद्दल बोलायचंय." हुकूमच तैसा, मग सोडणे प्राप्त जाहाले. आत येऊन तिने काठी पुढे धरिली आणि म्हणाली, "महाराज, ही माझी टिप. आणि आमच्या गावची विहीर दोन वर्षं कोरडी आहे, दिवाणसाहेबांच्या माणसानं वरचा झरा आपल्या उसाला वळवलाय." दिवाण ओरडले, "हे टिपेविषयी नव्हे!" महाराज म्हणाले, "काठी टिपेची आहे. बोलू द्या." दुसरे दिवशी दारी चाळीस माणसे आली, आणि प्रत्येकाच्या हातात काठी.

सारांश ऐसा की मध्यम टिप सर्वांत बरी, मात्र मारणारास पाहोन. हैबती आपल्या घरी सुखरूप आहे. विहिरीस पाणी आले. आणि त्या राज्यात आजमितीस टेबल एक, खेळणारे एकटे महाराज, आणि क्यू साडेतीन हजार. आमचाही एक आहे, पण आम्ही अजोन रांगेत उभे राहिलो नाही.