सासूबाईंचं पातेलं आणि खांबावरचा डबा

वीज हा विषय मी कुणालाही दहा मिनिटांत समजावून देऊ शकते. मंचरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवते. माझी मुलं नापास झाली तरी त्यांना वीज कळलेली असते, फक्त लिहिता येत नाही. त्यामुळे वीज कंपनीनं आमच्या वस्तीच्या खांबावर डबा बसवला, तेव्हा मारुतीच्या पारावर सर्वांदेखत मी सांगून टाकलं, "आठ दिवस द्या. आपल्या वस्तीत अंधार होणार नाही!"

आमची वस्ती अवसरी बुद्रुकच्या बाहेर, मळ्यात. वीसेक घरं, एक देऊळ आणि भरपूर जुनी भांडणं. हा दोन हजार सहाचा हिवाळा आणि भारनियमन ऐन भरात. दिवेलागणीपासून सकाळपर्यंत थोडीशीच वीज सोडायची आणि ती किती वापरली यावर डब्यानं लक्ष ठेवायचं, अशी नवी योजना होती. कंपनीच्या साहेबांनी ती फार कौतुकानं सांगितली. सगळ्या घरांनी मिळून मर्यादेत वापरली, तर दिवे राहतील. मर्यादा ओलांडली, की डबा सगळ्यांचीच बंद करील. थोड्या वेळानं तो स्वतःच चालू करून बघेल. वारंवार तसंच झालं, तर मग सकाळी वायरमन येईपर्यंत बसा.

"पण जास्त कुणी वापरली ते कळायचं कसं?" मी विचारलं.

"ते तुम्ही आपसात शोधायचं," साहेब म्हणाले.

आपसात भांडायला आमच्या वस्तीला यंत्राची गरज कधीच नव्हती. पण फुकट मिळत होतं.

पहिल्याच संध्याकाळी मालिका सुरू झाली आणि लाईट गेली. आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा सगळी वस्ती अंगणात येऊन एकाच दिशेला बघत होती. वस्तीच्या टोकाला कोंडाबाईचं घर. नवरा सोमनाथ एसटीत कंडक्टर, हिनं यंदा पहिल्यांदाच गावरान कोंबड्यांची पिल्लं आणलेली. पत्र्याच्या खोलीत चार बल्ब लावून त्यांना ऊब द्यायची. आमच्याकडच्या थंडीत लाईट गेली की पिल्लं ऊब शोधत एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणजे लाईट गेल्यावर सगळ्यात जास्त नुकसान व्हायचं ते कोंडाबाईचंच. पण तिचे बल्ब लांबून दिसायचे आणि इतरांच्या न्हाणीतल्या पाणी तापवायच्या कॉइल दिसायच्या नाहीत.

"लाईट बल्बनं जातीय," भगवंततात्या म्हणाले. तात्या म्हणजे वस्तीतलं पहिलं घर आणि शेवटचा शब्द. "त्या लोकांना सांगा, बल्ब काढा."

मी तात्यांना सांगितलं, की चार बल्ब मिळून एका कॉइलच्या निम्मीसुद्धा वीज घेत नाहीत. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी आमी चोर का, सूनबाई?"

म्हणून मी पद्धत बसवली. एका वेळी एकच कॉइल चालली तर डबा तक्रार करत नव्हता. प्रश्न एवढाच होता, की कुणाचा नंबर आहे हे कळावं कसं? मी सासूबाईंचं पितळी पातेलं काढलं. त्यांच्या माहेरचं, काठावर 'साळुबाई' असं कोरलेलं, त्यामुळे खोटं पातेलं कुणी काढणं शक्य नव्हतं. ज्याच्या घरात पातेलं, त्यानंच कॉइल लावायची. पाणी तापलं, की पातेलं शेजारी द्यायचं. पातेल्याशिवाय कॉइल लावली तर अंधार होऊन नाव निघणार. इतकी निर्दोष रचना मी आयुष्यात दुसरी केली नव्हती.

फक्त एक गोष्ट राहिली. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत.

तात्यांच्या घरून पातेलं निघालं ते गुळाचा खडा घेऊन. पुढच्या घरानं गुळाच्या जोडीला शेंगदाणे घातले. त्यापुढचं घर चिमाबाईचं. ती काही शेंगदाण्यांवर भागवणारी बाई नव्हे. तिनं शिरा करायला घेतला. गॅस संपलेला, म्हणून विजेच्या शेगडीवर. कॉइलवर पाणी, शेगडीवर शिरा, आणि खांबावर डबा.

अंधार!

"पातेलं माझ्याच घरात व्हतं की," चिमाबाई म्हणाली. "मंग नियम कुठं मोडला?"

नियमात खरोखरच शेगडीचा उल्लेख नव्हता. मी विजेचा विचार केला होता, शिऱ्याचा केला नव्हता. दुसऱ्या दिवशी कुणी भजी केली, कारण चिमाबाईच्या शिऱ्यापुढं गूळ पाठवणं कमीपणाचं होतं. तिसऱ्या दिवशी लापशी. लाईट आधीपेक्षा जास्त वेळा जायला लागली. वस्ती इतकं चांगलं आणि इतक्या अंधारात यापूर्वी कधी जेवली नसेल.

कोंडाबाई मात्र सकाळी माझ्या दारात आली, ओट्याच्या खालीच उभी राहिली. "बाई, खालची समदी गेली. वरची हायेत अजून." मी वर ये म्हणाले. ती म्हणाली, "नको. तुमचं पातेलं तरी कुठं येतंय माझ्याकडं."

ते खरं होतं. शेवटून दुसऱ्या घरातून पातेलं परस्पर पुन्हा तात्यांकडे जात होतं. कोंडाबाईकडे कॉइल नाही, मग पाठवायचं कशाला, असं मला सांगण्यात आलं. मी चिडले. शेगड्या बंद केल्या आणि नियम म्हणजे नियम, असं म्हणून त्या संध्याकाळी पातेलं स्वतः नेऊन कोंडाबाईच्या हातात दिलं. तिनं तिळाचे लाडू केले, चुलीवर. पातेलं भरून, वर स्वच्छ फडकं बांधून दारात ठेवलं.

ते घ्यायला कुणी आलं नाही.

पुढचा नंबर तात्यांचा. त्यांना त्या दिवशी अंघोळच करायची नव्हती. चिमाबाईला चुलीवरचं पाणी जास्त मानवतं, असं अचानक लक्षात आलं. एकेका घरानं कोपऱ्यात टाकलेली चूल बाहेर काढली. पातेलं नाही म्हणून कॉइल नाही. नियम सगळ्यांनी काटेकोर पाळला, फक्त पातेल्याला हात लावला नाही.

आणि डबा गप्प झाला. संध्याकाळ नाही, पहाट नाही, लाईट एकदाही गेली नाही! मालिका सुरळीत, कोंडाबाईची पिल्लं टुणटुणीत, पंखांना बारीक पिसं फुटायला लागलेली. लोक मला रस्त्यात थांबवून शाबासकी देऊ लागले. "म्याडमनं करून दाखवलं राव," असं खुद्द तात्या म्हणाले.

मी कोंडाबाईकडे गेले तेव्हा पातेलं पत्र्याच्या खोलीत कोनाड्यात ठेवलेलं होतं. "लाडू पोरांनी खाल्ले," ती म्हणाली. "पन पातेलं ऱ्हाऊ द्या, बाई. वस्तीचा कारभार पयल्यांदाच माझ्या घरात आलाय."

आम्ही दोघी हसलो. ती जरा जास्त वेळ हसली.

मग साहेब आले. खांबाला शिडी लावून वायरमनला वर चढवलं, डब्यातले आकडे वाचून घेतले आणि खूश झाले. इतकी शिस्तीची वस्ती अख्ख्या तालुक्यात नाही म्हणाले. वायरमननं पेचकसानं आत काहीतरी फिरवलं.

"काय केलंत?" मी विचारलं.

"मर्यादा तुमच्या रात्रभराच्या सरासरीइतकी खाली आणली. तुम्हाला एवढी वीज लागतच नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत की."

मी म्हणाले, "अहो, ती बचत आहे."

"ताई, बचत आणि गरज यातला फरक डब्याला कळत नाही," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

त्या संध्याकाळी कुठं कॉइल नव्हती, शेगडी नव्हती. वस्तीत फक्त दिवे, टीव्ही आणि टोकाच्या घरात चार बल्ब. तरी लाईट गेली. आली, गेली आणि मग आलीच नाही. मी अंगणात उभी राहून मनातल्या मनात बेरीज केली, पुन्हा केली. नव्या मर्यादेत दिवे आणि टीव्ही जेमतेम बसत होते. चार बल्ब बसत नव्हते.

"मी पयल्याच दिशी सांगितलं व्हतं, लाईट बल्बनं जातीय," तात्या अंधारातून म्हणाले. "तुमी शिकलेली मान्सं ऐकत न्हाई."

आता विज्ञानसुद्धा त्यांच्याच बाजूनं होतं.

थोड्या वेळानं कोंडाबाई आली. या वेळी ओट्यावर चढली, सरळ आत आली. हातात पातेलं. आत जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणि त्यात दाटीवाटीनं पिल्लं. जेवढी मावली तेवढी.

"रिकामं कसं आणायचं?" ती म्हणाली. "बाकीच्यांची आशा न्हाई. माझं सरपन सपलं, तुमची चूल पेटती हाय. रातभर ठेवा."

सासूबाईंनी पातेल्याकडे बघितलं. काठावरच्या स्वतःच्या नावाकडे बघितलं. मग पायानं पाट सरकवून चुलीजवळ जागा केली.

"ठेव हितं," त्या म्हणाल्या. "त्यातच ऱ्हाऊ दे त्यांला. तसंबी त्या पातेल्यात आता आमी काय शिजवनार हाय?"

कोंडाबाईनं पातेलं ठेवलं. "पिल्लांना पातेलं कुनाचं ते कळत न्हाई, साळुबाई," ती म्हणाली. "ऊब कळती." आणि उरलेली बघायला निघून गेली.

सासूबाईंनी चुलीत एक लाकूड आणखी सारलं.

परवा साहेबांचा निरोप आला. कळंबच्या एका वस्तीत डबा बसतोय. तिथल्या लोकांना माझी पद्धत समजावून सांगायला मी यावं आणि येताना ते पातेलंही आणावं, म्हणजे लोकांच्या चटकन लक्षात येईल.

पातेलं सध्या मोकळं नाही, असं मी कळवलं आहे.